ळ

आमच्या झाडीत ळ नाही.
डोळा म्हणजे डोरा, जवळ म्हणजे जवर.
लिहिताना मी लिहितो, शाळेनं तेवढं शिकवलं,
बोलताना जीभ तिथवर जात नाही.

मिनोती हालदारच्या घरातही नव्हता.
तिची आई खुलन्याकडून आली ती कुणाच्या तरी कडेवर,
माना कॅम्पच्या तंबूत चालायला शिकली,
मग सरकारनं मुलचेऱ्याच्या रानात आणून सोडली,
थोडी जमीन आणि एक नंबर देऊन.
नंबर अजून पाठ आहे तिला. जमीन मोजावी लागते.

मी प्रॉम्प्टर. वडशाच्या कंपनीत बावीस सिझन
स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून
दुसऱ्यांच्या तोंडात शब्द सारतो.
मिनोती आली तेव्हा सतरा वर्षांची,
आधीची पोरगी जनरेटरवाल्यासोबत गेली म्हणून.
तिसऱ्या अंकात एकच मोठं वाक्य:
माझं बाळ मला परत द्या.
ती म्हणाली, डोमादादा, मी "बाल" म्हटलं
तर मागं बसलेले कॅम्पातले सगळे हसतील,
आमच्यात ती शिवी आहे.
मी म्हटलं, बार म्हण.
तिनं म्हटलं, "माझं बार मले वापस द्या,"
आणि तनशीवर बसलेल्या बाया
पदर तोंडात कोंबून रडल्या.
वाक्य नाटककारानं लिहिलं तसं नव्हतंच.
त्याला मानधन पोचलं होतं, तो काही बोलला नाही.

मुंबईत तिला थोरली सून केली.
मृदुला काळसेकर.
स्वतःचं नाव घेता येईना म्हणून
एक बाई ठेवली, जिभेचं टोक टाळूला लावून देणारी.
एका रात्री अकराला फोन:
"दादा, आला. ऐक."
आणि ती म्हणत राहिली, ळ, ळ, काळसेकर, ळ.
मी गोठ्यात होतो. वासरानं कान टवकारले.

पुढची चार वर्षं ती रोज साडेसातला
सासूच्या दुधात काहीतरी कालवायची.
चामोर्शीच्या बाजारात तिच्या आईकडून
एका बाईनं मासोळी घेतली नाही.
म्हणे, तुझ्या पोरीच्या हाताला गुण नाही.
आईनं तराजू खाली ठेवला, हसली,
घरी येऊन टीव्हीवर गोणपाट टाकलं.

मग तिला जिन्यावरून ढकललं.
तारखांचं काही जुळलं नाही, एवढंच कारण.
कॅम्पात शेजारणी बसायला आल्या, खऱ्या मयतीला येतात तशा.
आईला माहीत होतं सगळं. तरी फोन लावून
"कोथा बोल, कोथा बोल," म्हणत राहिली,
पलीकडून आवाज येईस्तोवर.

यंदा ती आली, शंकरपटाच्या रात्रीसाठी.
बॅनरवर: मुंबईची टीव्ही तारका.
मुलचेऱ्याचं नाव त्यावर कुठंच नाही.
एका म्हातारीनं तिचा दंड दाबून पाहिला.
"पाय मोडला होता ना वो तुहा?"
"बसला आता, माय," ती म्हणाली.

नाटक तेच. अंक तिसरा.
मी पान उघडून बसलो, गरज नव्हती.
तिनं म्हटलं, माझं बाळ मला परत द्या.
ळ असा, की पितळी ताटलीवर वाटाणा पडावा.
मंडपात टाळ्या पडल्या. शिट्ट्याही.
रडलं कोणी नाही.
मागं कॅम्पातली माणसं होती, तिची आई होती,
ती टाळी वाजवत होती की थंडीनं हात चोळत होती,
खड्ड्यातून दिसत नाही.

पहाटे मॅटाडोरमध्ये खोबरेल लावून
ती तोंड पुसत होती.
कागदात गार झालेला आलूबोंडा.
"दादा, चुकला का कुठं?"
"नाही," मी म्हटलं.
तिनं अर्धा बोंडा माझ्याकडे सरकवला.
"मग?"
पुढचा मुक्काम सिंदेवाहीजवर.
ड्रायव्हर टायरवर लाथ मारून हवा पाहत होता.